कोणता रस्ता आधी दुरुस्त करावा?
— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



गाळप हंगाम तोंडावर आला की शेतकी खात्याच्या दारात दोन तऱ्हेचे सभासद येतात. एक तोड कधी मिळणार हे विचारणारे, आणि दुसरे, "साहेब, आमच्या शिवारातल्या रस्त्याचं कायतरी करा," म्हणणारे. पहिल्यांना आम्ही नोंदवही उघडून लागणीची तारीख, उसाची जात आणि क्रम दाखवतो. दुसऱ्यांना मात्र दाखवायला आमच्याकडे आजवर काही नव्हते. ज्याचा आवाज मोठा त्याच्या रस्त्यावर मुरूम पडला, हे आम्ही कबूल करतो. म्हणून या अंकात रस्त्याच्या नोंदीविषयी चार गोष्टी सांगत आहोत. अलीकडे रस्त्यांची पाहणी, देखभाल आणि दुरुस्तीचा क्रम संगणकावर ठरवता येतो. त्यामागचा हिशेब सभासदाने समजून घेतला, तर वहीवरसुद्धा तो करता येतो.

रस्ता खराब, तर खिसा कोणाचा?

आपल्याकडे एक समजूत आहे की, रस्ता ज्या शिवाराचा, त्रास त्या शिवाराचा. हे खरे नाही. तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखाना आधी करतो आणि ऊस दरातून सरासरीने वजा होतो. एका शिवारात ट्रॉलीचा आस मोडला, ट्रॅक्टर तासभर रुतला, तर त्याचा वाटा पंचवीस मैलांवरच्या सभासदाच्या बिलातही येतो. साखर उताऱ्याचेही तसेच. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळपाला जावा असे आम्ही नेहमी सांगतो. ऊस जसा वाळतो तसे वजन घटते आणि आतल्या साखरेची नासाडी सुरू होते. रस्त्यात अडकलेला ऊस सगळ्यांचाच उतारा खाली ओढतो.

आमची एक चूक

तीन हंगामांपूर्वीची गोष्ट. एका गटात अदमासे सातशे मीटरचा तुकडा अगदी वाईट होता. त्याच्या पुढे दोन किलोमीटर डांबरी रस्ता होता, वरून बरा दिसणारा. दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास आम्ही त्या वाईट तुकड्यावर मुरूम टाकत आलो. काळी जमीन, बाजूला चर नाही, शेताचे पाणी थेट रस्त्यावर. पुढच्या पावसात मुरूम वाहून जायचा. असे लागोपाठ तीन वर्षे झाले. मधल्या काळात पुढच्या डांबरी रस्त्याला भेगा पडत होत्या, त्यांच्याकडे आम्ही पाहिलेच नाही. तिसऱ्या हंगामात भर जानेवारीत त्या 'चांगल्या' रस्त्यावरच्या खड्ड्यात दोन ट्रॉल्यांपैकी मागची कलंडली. ऊस दोन रात्री रस्त्यावर पडून राहिला आणि मागच्या फडांतली तोड खोळंबली. मुरूम गेला तो गेलाच, पण वाचवता येण्यासारखा रस्ताही हातचा गेला.

आमची चूक एवढीच की, 'सर्वात वाईट ते सर्वात आधी' हे आम्ही न विचारता धरून चाललो.

रस्ता आजारी कसा पडतो?

खोडकिडा लागला की आधी एखादा पोंगा वाळतो. त्या वेळी उपाय केला तर फड वाचतो. सगळा फड वाळल्यावर औषध मारून पैसाच जातो. डांबरी रस्त्याचे नेमके असेच आहे. त्याच्या आजाराच्या पायऱ्या सभासदाने ओळखाव्यात :

१. डांबराचा काळा तजेला जातो, पृष्ठभाग करडा पडतो, बारीक खडी सुटू लागते.
२. केसासारख्या भेगा पडतात. काळ्या जमिनीत त्या बहुधा कडेने लांबलचक पडतात. कारण ही जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते.
३. भेगा एकमेकींना मिळून मगरीच्या पाठीसारखी नक्षी दिसते. याचा अर्थ खालचा थर दमला.
४. चाकोरी बसते, कडा तुटतात, खड्डे पडतात.
५. खडी उघडी पडते. आता रस्ता नव्याने करण्यावाचून इलाज नाही.

पहिल्या दोन पायऱ्यांवर रस्ता हळूहळू उतरतो. तिसरीनंतर मात्र उतरणीला लागलेल्या गाडीसारखा घसरतो, कारण भेगेतून पाणी खालच्या थरात शिरते. पाणी शिरले की काळी माती लोण्यासारखी होते आणि वरच्या चाकाखाली दबते. म्हणून डांबराचा पहिला वैरी पाणी आणि दुसरा जादा वजन.

संगणक नेमके काय करतो?

संगणक रस्ता दुरुस्त करत नाही आणि जागेवर जाऊन बघतही नाही. तो चार गोष्टी लक्षात ठेवतो : रस्ता कोठून कोठपर्यंत आहे, आज त्याची स्थिती काय आहे, त्यावरून किती वजन जाते आणि आजवर त्यावर काय काम झाले. त्यावरून हा रस्ता दोन-तीन वर्षांनी कोणत्या पायरीवर असेल आणि आहे त्या पैशांत कोणत्या क्रमाने कामे घेतली तर एकूण खर्च कमी येईल, याचा तो अंदाज बांधतो.

ही विद्या आजची नाही. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात विमानतळांच्या धावपट्ट्या आणि रस्ते यांना शून्य ते शंभर असे गुण देण्याची पद्धत बसवली आणि त्यावर 'पेव्हर' नावाची संगणक प्रणाली उभी केली. ॲरिझोना या कोरड्या, उष्ण राज्याने १९८०-८१ साली आपल्या रस्त्यांच्या देखभालीचा क्रम असाच संगणकाने ठरवला आणि पहिल्याच वर्षी १ कोटी ४० लाख डॉलर वाचवले. आपल्या देशातही १९७७ ते १९८२ या काळात केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने खराब रस्त्यामुळे वाहनाचे डिझेल, टायर आणि सुटे भाग यांचा खर्च किती वाढतो याचा मोठा अभ्यास केला. केनिया, ब्राझील अशा देशांतील अभ्यासांबरोबर आपल्या रस्त्यांचे हे आकडे जागतिक बँकेच्या हिशेबात गेले. पुढे त्यातूनच 'एचडीएम-४' ही प्रणाली आकाराला आली.

आपल्या गावापर्यंत ही गोष्ट पोचली ती प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून. २५ डिसेंबर २००० रोजी ही योजना सुरू झाली. तिच्या रस्त्यांची नोंद ठेवणारी 'ओमास' ही प्रणाली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने तयार केली. या योजनेत रस्ता बांधणाऱ्या ठेकेदारावरच पुढची ५ वर्षे देखभालीची जबाबदारी असते. त्या देखभालीसाठी 'ई-मार्ग' ही प्रणाली आली. तिच्यात अभियंता रस्त्यावर जाऊन फोटो काढतो. फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात, म्हणून दुसऱ्याच रस्त्याचा फोटो चिकटवणे अवघड होते. आणि पैसे 'किती खड्डे बुजवले' यावर नव्हे, तर 'रस्ता कसा राखला' यावर मिळतात. खड्डा पडू न देणाऱ्या ठेकेदाराला पैसे मिळावेत, असा हा विचार आहे. सामान्य माणसाला तक्रार करता यावी म्हणून २०१५ साली 'मेरी सडक' हे मोबाईलवरचे साधनही सुरू झाले.

पाच गुणांची सोपी परीक्षा

ग्रामसडक योजनेत रस्त्याला १ ते ५ गुण देण्याची एक सोपी रीत आहे. मोठी यंत्रे लागत नाहीत. जीपगाडीने सहज, हादरे न बसता किती वेगाने जाता येते ते पाहायचे :

ताशी ४० कि.मी.च्या वर — ५ गुण, अतिउत्तम
३० ते ४० — ४ गुण, चांगला
२० ते ३० — ३ गुण, मध्यम
१० ते २० — २ गुण, खराब
१० च्या खाली — १ गुण, अतिखराब

मात्र वेगाच्या परीक्षेत केसासारख्या भेगा सापडत नाहीत. म्हणून आम्ही तिला जोड देतो : दर दोनशे मीटरवर गाडीतून उतरायचे, भेगा, कडा, साइडपट्टी, चर आणि मोरी बघायची, आणि नोंद करायची.

हिशेब करून बघू

समजा, एका गटात प्रत्येकी १ किलोमीटरचे तीन रस्ते आहेत आणि हाती ६ लाख रुपये आहेत. (आकडे समजावण्यासाठी धरले आहेत, खरे दर जागेवर ठरतात.)

रस्ता 'क' : ४ गुण, बारीक भेगा. आज भेगा भरून चर काढायला १ लाख. दोन पावसाळे दुर्लक्ष केले तर ८ लाख.
रस्ता 'ख' : ३ गुण, थोडे खड्डे. आज खड्डे बुजवून वर सीलकोट द्यायला ४ लाख. दुर्लक्ष केले तर १५ लाख.
रस्ता 'ग' : १ गुण, खडी उघडी. आज नव्याने करायला ३० लाख. दुर्लक्ष केले तरी जवळजवळ ३० लाखच.

आता पहिला मार्ग. ओरड 'ग' ची, म्हणून सगळे ६ लाख 'ग' वर घातले. त्यात फक्त २०० मीटर होतात. दोन पावसाळ्यांनी 'ग' चे उरलेले २४, 'क' चे ८ आणि 'ख' चे १५ मिळून ४७ लाख देणे उभे राहते.

दुसरा मार्ग. 'क' आणि 'ख' ला ५ लाख दिले. उरलेल्या १ लाखात 'ग' वर चर काढून, मोठे खड्डे खडी-मुरुमाने भरून गाडी जाण्यापुरती वाट केली. दोन पावसाळ्यांनी देणे ३० लाखांचे. पैसे तेवढेच खर्च झाले, पण १७ लाखांचा फरक पडला, आणि दोन रस्ते शाबूत राहिले.

संगणक शेकडो रस्त्यांसाठी हाच हिशेब करतो. जो रस्ता आज थोडक्या पैशात वाचतो आणि उद्या वाचणार नाही, तो आधी घ्यावा, हे त्याचे सूत्र.

पण 'ग' रस्त्यावरच्या सभासदाचे काय?

हा प्रश्न आम्हाला गटसभेत विचारला गेला आणि तो रास्त आहे. "आमचा रस्ता सगळ्यात वाईट, अन् तुम्ही चांगल्या रस्त्यावर पैसे घालता?" असे एका सभासदाने उभे राहून विचारले. कागदावरचा हिशेब दाखवून त्याचे समाधान होणार नाही, आणि होऊ पण नये. त्याच्या घरातली बाळंतीण, शाळेत जाणारी पोरे त्याच रस्त्याने जातात. म्हणून आमचे मत असे : एक, 'ग' वर वाट चालू ठेवण्याचा खर्च दरवर्षी वेगळा काढून ठेवावा, तो इतर कामांत ओढू नये. दोन, 'ग' नव्याने करण्यासाठी वेगळ्या योजनेतून मागणी करावी. हे देखभालीच्या तुटपुंज्या पैशांतून होणारे काम नव्हे. तीन, त्याचा क्रम कोणत्या वर्षी लागेल ते नोंदवहीत लिहून त्याला दाखवावे. तोडीचा क्रम लांबचा असला तरी तारीख दिसली की माणूस थांबतो. तारीखच नसेल तर तो का थांबेल?

आपल्याकडे असलेली आणि कोणाकडे नसलेली माहिती

रस्त्यावरून किती वजन जाते हे रस्ते खात्याला मोजावे लागते. मोजणी हंगामाच्या बाहेर झाली तर आपली वाहतूक त्यात दिसणारच नाही. आपल्याकडे मात्र ऊस नोंद आहे. एका शिवारात १२० एकर ऊस, एकरी ३५ टन धरला तर ४,२०० टन झाला. दोन ट्रॉल्यांच्या खेपेला २० टन धरले तर २१० भरल्या खेपा त्या एकाच रस्त्यावरून जाणार, आणि तितक्याच रिकाम्या परत येणार. हा आकडा अर्जाला जोडला तर 'रस्ता खराब आहे' या वाक्याला वजन येते. वसमत भागातल्या कालव्याखालच्या शिवारांत उसाबरोबर हळदीच्या गाड्यांचीही भर पडते, तीही सांगावी.

थोडे आपल्या घरातलेही

रस्ता बिघडवण्यात आपला हात किती, हेही पाहू. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर रात्रंदिवस मालमोटारी फिरवण्याचा मोठा प्रयोग झाला. त्यातून कळले की आसावरचे वजन वाढले की रस्त्याची झीज साधारण वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. सव्वापट वजन, तर झीज जवळजवळ अडीचपट. दीडपट वजन, तर पाचपट. दुप्पट वजन, तर सोळापट. म्हणजे तीन खेपांचा माल दोन खेपांत कोंबला तर एक खेप वाचते, पण रस्त्याची झीज तीनऐवजी सुमारे दहा खेपांइतकी होते. हे गणित ढोबळ आहे, पण दिशा खोटी नाही. वाहतूक ठेकेदार, मुकादम आणि ट्रॅक्टर मालक यांनी ते ध्यानात घ्यावे. भाड्याची घाई आम्हाला कळते, पण तोच रस्ता पुढच्या हंगामातही लागणार आहे.

दुसरे पाणी. कालव्याचे पाणी सोडून रात्री झोपायला जायचे आणि सकाळी रस्ता तळे झालेला असायचा, हे चित्र नवे नाही. पाइपलाइनसाठी रस्ता आडवा खोदून मातीने बुजवणे, वावरात ट्रॅक्टर न्यायला चरात माती लोटणे, मोरीच्या तोंडाशी पाचट टाकणे, हे सगळे आपणच करतो. शेताकडे जाताना चरावर नळी टाकली तर पाणीही वाहते आणि ट्रॅक्टरही जातो. ठिबकचा आग्रह आम्ही उसासाठी धरतो, त्यात रस्त्याचाही फायदा आहे.

नोंदवही कशी ठेवावी?

संगणकात खोटी माहिती घातली तर उत्तरही खोटेच येते. चहाच्या टपरीवर बसून 'रस्ता बरा' असे लिहिले, तर कितीही महाग यंत्र असो, ते त्या रस्त्याला शेवटचा क्रमांक देईल. म्हणून वही खरी हवी. गटनिहाय वहीत एवढे रकाने पुरे :

१. रस्त्याचे नाव, कोठून कोठपर्यंत, लांबी.
२. रस्ता कोणाचा? ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेचे, प्रमुख जिल्हा मार्ग व राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचे, पांदण गावनकाशावरची. अर्ज चुकीच्या दारात गेला तर वर्ष वाया जाते.
३. योजनेचा रस्ता असेल तर कडेच्या फलकावरून काम पूर्ण झाल्याची तारीख आणि देखभालीची मुदत. मुदत चालू असेल तर खड्डा बुजवणे ठेकेदाराचे काम आहे. तिथे आपला मुरूम टाकू नये.
४. १ ते ५ पैकी गुण आणि पाहणीची तारीख.
५. भेगा, कडा, चर, मोरी यांची स्थिती. शक्य तर त्याच जागेवरून दरवेळी एक फोटो.
६. हंगामात जाणारा ऊस, टनांत.
७. झालेली दुरुस्ती, तारीख आणि ती किती टिकली.

सातवा रकाना विसरू नका. आमच्या त्या सातशे मीटरचा सातवा रकाना भरलेला असता, तर दुसऱ्याच वर्षी आम्ही मुरूम थांबवून चर काढला असता.

पाहणी वर्षातून दोनदा करावी. एक मृगाच्या आधी, चर आणि मोऱ्या मोकळ्या करायला. दुसरी दसऱ्यानंतर, तोड सुरू होण्यापूर्वी. शक्य झाल्यास भर पावसात एक फेरी मारावी. पाणी कुठे थांबते हे उन्हाळ्यात कळत नाही.

आमच्याकडून आणि आपल्याकडून

या हंगामापासून ऊस नोंदीला जाणाऱ्या मदतनिसांनी त्याच फेरीत रस्त्याचेही गुण लिहून आणावेत असे आम्ही ठरवले आहे. मोबाईलवर नोंद होतेच आहे, तीत रस्त्याचा फोटो घेणे अवघड नाही. जमलेली यादी गटसभेत वाचून दाखवू, आणि क्रम का तसा लागला तेही सांगू. ज्यांचा रस्ता मागे असेल त्यांनी जाब विचारावा. वहीत चूक दिसली तर आमच्या मदतनिसाला घेऊन जागेवर जावे आणि ती दुरुस्त करून घ्यावी.

आपल्याकडून मागणे थोडे आहे. आपल्या बांधालगतचा चर दिवाळीपूर्वी मोकळा करा. रस्त्यावर पाणी सोडू नका. ट्रॉली ओसंडेपर्यंत भरू देऊ नका. आणि भेग दिसली की कळवा, खड्डा पडायची वाट बघू नका. ऊस नोंदवला नाही तर तोड मिळत नाही, हे आपल्याला पाठ आहे. रस्त्याची भेगही नोंदवली नाही, तर तिला कोणाच्याच हिशेबात जागा मिळत नाही.